स्वयंपाकघरातल्या मोकळ्या कोपऱ्यात बसायची जागा: कशी करावी?

तिरकी_रेघ

नमस्कार मंडळी,

आमचं स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट आहे. एका लांब भिंतीला सरळ ओटा, २ फूट खोल. समोरच्या भिंतीला दाराकडे फ्रिज, आणि त्याच भिंतीच्या पार टोकाला, खिडकीच्या बाजूला, एक कोपरा मोकळा आहे. मोकळा म्हणजे आत्ता तिथे रिकामे डबे, रद्दी आणि 'कधीतरी लागेल' या सदरातलं सगळं आहे. ते हलवलं तर ओट्यासमोरच्या भिंतीलगत साडेचार फूट आणि खिडकीखाली ४ फूट जागा मिळते. खिडकी जमिनीपासून ३ फुटांवर सुरू होते.

तिथे बसायची उबदार जागा करायची आहे. जेवणाचं टेबल बाहेर आहे, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र जेवावं अशी अपेक्षा नाही. कुणीतरी ओट्याशी असताना दुसऱ्याला गप्पा मारत बसता यावं, मुलीला वही उघडता यावी, सासूबाईंना भाजी निवडता यावी, इतकंच. म्हणजे एका वेळी दोघं, फार तर तिघं.

जे फोटो बघते त्यात सगळीकडे एल आकाराचा बाक दिसतो, आत सामान ठेवायची सोय, वर गादी. मलाही तेच आवडलंय. पण सुताराला बोलावण्याआधी इथे विचारावं म्हटलं. टेबल पक्कं करावं की भिंतीला घडीचं? बाकाची खोली किती?

---

मधली_वाट

फोटोतल्या त्या कोपऱ्यात उशा आठ असतात आणि माणूस एकही नसतो, हे लक्षात आलंय का? आठ उशा काढून ठेवायला दुसरा कोपरा लागतो.

गंमत सोडा, वाचतोय. आमच्याकडेही असाच एक कोपरा वाट बघतोय.

---

गवाक्ष

तिरकी_रेघ, आधी आकडेमोड करू, मग आवडीनिवडी.

बाकाची बैठक १८ इंच खोल धर. एल केलास तर साडेचार फुटांतले दीड फूट कोपऱ्यात गेले, उरले ३. खिडकीखालच्या ४ फुटांतले दीड गेले, उरले अडीच. टेबल मावणार त्या ३ बाय अडीच फुटांत. एका माणसाला बसायला २२ ते २४ इंच रुंदी लागते. म्हणजे एका बाजूला एक ऐसपैस, दुसऱ्या बाजूला एक, आणि तिसरा बरोब्बर कोपऱ्यात. त्या तिसऱ्याचे गुडघे दोन्ही बाजूंच्या माणसांच्या गुडघ्यांना लागणार. आणि त्याला उठायचं झालं की आधी निदान एकाने उठायचं. कागदावर एल तिघांचा दिसतो, वापरात दोघांचा असतो.

लहान कोपऱ्यात किती जण बसतील हे मी शेवटी मोजते. आधी बघते की बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याला न उठवता बाहेर कसा पडेल. ते जमत नसेल तर पहिले काही आठवडे कौतुक होतं आणि मग बाकावर इस्त्रीचे कपडे येतात.

आता ओट्याकडचं अंतर. ओट्याच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत तुझ्याकडे ६ फूट, म्हणजे ७२ इंच. बाक १८ इंच. टेबलाची कड बाकाच्या कडेवर २-३ इंच आत आलेली हवी, नाहीतर माणूस बाकाच्या टोकावर सरकून बसतो आणि पाठ टेकतच नाही. ३ इंच आत धरून २ फुटी टेबल ठेवलं तर ते भिंतीपासून ३९ इंचांपर्यंत येतं. उरले ३३. उभं राहून काम करायला तेवढे पुरतात, पण कुणी काम करत असताना मागून दुसऱ्याने जायचं असेल तर ४० च्या आसपास हवेत. तुझा कोपरा आडबाजूचा आहे, त्याच्या पलीकडे कुणाला जायचं नाही, म्हणून ३३ चालू शकतील. पण ओट्याच्या त्या टोकाला काय आहे? शेगडी असेल तर हा बेत मला पसंत नाही.

---

तिरकी_रेघ

शेगडी मधोमध आहे, फ्रिजच्या साधारण समोर. खिडकीकडच्या टोकाला सिंक. सिंकखाली कचऱ्याची बादली आणि एक ओढायचा कप्पा.

एलबद्दल वाचून जरा हिरमुसले, पण पटतंय. कोपऱ्यात मीच अडकणार होते हे उघड आहे!

---

दीडशहाणा

एक भन्नाट कल्पना देतो. बाकाच्या पेटीत गॅसचा सिलिंडर ठेवा. ओट्याखालची जागा मोकळी होईल, दिसणारही नाही. एका दगडात दोन पक्षी.

---

रंधा

दीडशहाणा, ही कल्पना इथेच गाडून टाका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली साचतो. बंद पेटीत साचला, वरून गादीने झाकला, की वासही उशिरा येणार. आणि त्यावर माणसं बसलेली. सिलिंडर उभा, उघड्यावर, नळीला आणि बंद करायच्या चावीला एका हातात पोचता येईल असाच हवा. नळाने येणारा गॅस असेल तरी त्याचा कॉक बाकाच्या मागे गाडायचा नाही. पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेची पेटी यांनाही तोच नियम.

आयुष्यभर लाकूडकाम केलंय. बाकाच्या पेटीबद्दल लिहायचंय बरंच, रात्री लिहितो.

---

दीडशहाणा

मागे घेतली हो कल्पना.

---

उंबरठा

सासूबाई म्हणालात म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपीचं काम करते, उठणं-बसणं शिकवणं हा माझा रोजचाच धंदा.

एक प्रयोग करून बघा. खुर्चीवर बसा, दोन्ही पावलं पुढे सरकवा, गुडघ्यांच्या पुढे, आणि हात न लावता उठायचा प्रयत्न करा. उठता येत नाही. आता टाचा मागे घ्या, गुडघ्यांच्याही थोड्या मागे, किंचित पुढे वाका. लगेच उठता येतं. शरीराचा भार पावलांवर आणल्याशिवाय माणूस उभाच राहू शकत नाही.

आता तुमच्या मनातला बाक आठवा. बसायच्या फळीपासून जमिनीपर्यंत सरळ उभी पेटी. टाचा मागे घ्यायला जागाच नाही. त्यात समोर टेबल, म्हणजे पुढे वाकायलाही अडचण. तरुण माणूस टेबलावर हात दाबून उठतो, त्याच्या लक्षातही येत नाही. गुडघे दुखणारा माणूस मात्र एक-दोनदा धडपडतो आणि 'मी बाहेरच बसते' म्हणतो. कारण सांगत नाही.

त्यामुळे पेटीचा खालचा भाग आत घ्या. ओट्याखालच्या कपाटांना पायाशी खाच असते ना, तशी, ३ ते ४ इंच खोल. ती नुसती उंबऱ्याएवढी बुटकी नको, टाच सहज आत जाईल एवढी उंच हवी. पुढची फळी वरून खाली तिरकी आत नेली तर फारच छान.

दुसरं, बैठकीची उंची. बहुतेकांना १७-१८ इंच बरी पडते. गुडघेदुखी असेल तर १८ च्या खाली जाऊ नका, १९ पर्यंत चालेल, आणि गादी टणक हवी. मऊ गादीत माणूस रुततो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठणं अवघड होतं. उंची गादीसकट मोजायची, आणि तीही माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची.

तिसरं, खरं सांगायचं तर सासूबाईंसाठी बाकापेक्षा हात असलेली खुर्ची चांगली. हाताला रेटा देऊन उठता येतं. बाकावरच बसायची हौस असेल तर त्यांची जागा कायम उघड्या टोकाला.

---

पाऊसपाणी

उंबरठा, हे वाचून मी खुर्चीवर बसून प्रयोग केला आणि ऑफिसात लोक बघत राहिले :)

गादीबद्दल माझा अनुभव. फोम घेताना जाडीपेक्षा घनता विचारा. ३२ ते ४० किलो प्रति घनमीटरच्या दरम्यानचा घ्या. दुकानदार जाड आणि हलका फोम पुढे करतो, दाबून बघितलं की मस्त वाटतो, आणि वर्ष सरायच्या आत मधोमध खड्डा पडतो. २ इंच टणक फोम, वर पाऊण-एक इंचाचा मऊ थर, एवढं पुरतं. ४-५ इंची गादी दिसायला गुबगुबीत, पण टेबलाचं गणित बिघडवते.

खोळ मागच्या बाजूला चेन लावलेली, काढून धुता येईल अशी. स्वयंपाकघर आहे, तेलाची वाफ कापडावर बसतेच, लांब असलं तरी. रेग्झीन पुसायला सोपं, पण उकाड्यात मांड्यांना चिकटतं. मी जाड सुती कापड घेतलं, बारीक नक्षीचं, मध्यम गडद. एकरंगी फिक्या कापडावर पहिला डाग पडला की रोज तोच दिसतो. अजून एक, दोन लांब गाद्यांपेक्षा तीन आखूड करा. एक धुवायला गेली तरी बाकीच्यांवर बसता येतं. खाली न घसरणारी जाळी किंवा वेलक्रो लावा, नाहीतर मुलं गादीसकट खाली येतात.

---

गवाक्ष

पाठीच्या उशांबद्दल मधली_वाटने गमतीत म्हटलं, पण मुद्दा खरा आहे. १८ इंच खोल बैठकीवर ५ इंच जाडीची उशी ठेवली की बसायला उरले १३. मग मांड्या अधांतरी. एक तर बैठक २० इंचांची करा, तुझ्याकडे तेवढी जागा नाही, किंवा पाठीला भिंतीवरच पातळ गादीची फळी लाव. ती बैठकीला टेकवू नकोस, ५-६ इंच वर सुरू कर. खालची फट पुसायला बरी आणि कंबरेखालचा भाग मागे सरकायलाही जागा मिळते. फळी वरच्या टोकाला थोडी मागे झुकलेली असली तर तासभर बसवतं. भिंतीसारखी ताठ ठेवलीस तर कप संपेपर्यंतच.

---

भाड्याचं_घर

वेगळं मत मांडतो. बाक कशाला? खिडकीखाली भिंतीला १२-१५ इंच रुंद फळी लावा, ओट्याच्या उंचीची, साधारण ३५ इंचांवर, आणि दोन उंच स्टुलं. स्टूल आणि फळीत १० ते १२ इंचांचं अंतर राहिलं पाहिजे, म्हणजे २४-२५ इंची स्टुलं. वापर नसताना ती फळीखाली जातात. पेटी नाही, गादी नाही, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. कामाच्या वेळी फळी जादा ओटा म्हणूनही वापरता येते. घर बदललं की फळी काढून नेता येते.

आम्ही गेली काही वर्षं असंच वापरतोय आणि अजिबात तक्रार नाही.

---

उंबरठा

दोन धडधाकट माणसांसाठी उत्तम. पण इथे शाळकरी मुलगी आणि सासूबाई आहेत. उंच स्टुलावर पाय लोंबकळतात, मुलगी दहा मिनिटांत वळवळायला लागेल, आणि सासूबाई चढणारच नाहीत. पाय टेकायला आडवी दांडी असलेली स्टुलं घेतली तरी दुसरा प्रश्न सुटत नाही.

---

मधली_वाट

भाड्याचं_घर, शिवाय फळीवर बसलेल्याचं तोंड खिडकीकडे आणि पाठ ओट्याकडे. गप्पा मारायच्या आहेत ना? बाकाची मजा अशी की बसलेला माणूस ओट्याकडे तोंड करून बसतो. स्वयंपाक करणाऱ्याला मान वळवली की चेहरा दिसतो.

---

भाड्याचं_घर

हा मुद्दा मान्य. आम्ही दोघं खिडकीतून रस्ताच बघत असतो, म्हणून आम्हाला चालतं.

---

रंधा

काल लिहायचं राहिलं. आता सविस्तर.

सामानाची पेटी म्हटलं की सगळे उचलायचं झाकण करतात. झाकण उघडायचं तर बसलेल्यांनी उठायचं, गादी काढायची, टेबल सरकवायचं. म्हणून त्यात वर्षातून दोनदा लागणारं सामानच ठेवावं, मोठी पातेली, जादा अंथरूण-पांघरूण वगैरे. रोजचं सामान ठेवणार असाल तर कप्पा करा. पण तोही समोरून नको. समोर टेबलाचा पाय असतो आणि बसलेल्याच्या पोटऱ्या असतात. बाकाच्या उघड्या टोकाकडून ओढायचा खोल कप्पा करा. तुमच्या साडेचार फुटी बाकात टोकाकडून २ फुटांचा कप्पा आणि खिडकीकडच्या अडीच फुटांवर झाकण, असं सुरेख बसतं. कप्प्याला पूर्ण बाहेर येणाऱ्या पट्ट्या लावा, नाहीतर मागचं सामान हाताला लागत नाही.

झाकण भिंतीला लागून बिजागरी लावून करू नका. पाठीची फळी आडवी येते आणि झाकण नव्वद अंशांपर्यंत जातच नाही, मग हातातून सुटून बोटांवर पडतं. मागे ३ इंचांची पट्टी पक्की ठेवायची आणि बिजागरी त्या पट्टीवर घ्यायची, सबंध लांबीची. सोबत झाकण धरून ठेवणारा आणि हळू मिटणारा दट्ट्या हवाच. घरात मूल असेल तर यात काटकसर करू नका. वर मूठ लावू नका, बसणाऱ्याला टोचते. पुढच्या कडेला बोटं जातील एवढी खाच पुरते.

प्लाय १८ मिमी, ओल सहन करणारा. माणसांचा भार घेणाऱ्या फळीला दर दीड-दोन फुटांवर खालून उभा आधार. खाली पेटी थेट जमिनीवर बसवू नका, फरशी पुसतानाचं पाणी कडेतून वर चढतं आणि प्लाय फुगतो. ३-४ इंचांचे पाय द्या, आत घेतलेले. उंबरठाताईंनी सांगितलेली टाचांची जागाही त्यातच निघते, तळही वर राहतो. उघड्या कडा नीट बंद करून घ्या, मागच्या आणि खालच्याही. न दिसणाऱ्या कडा कारागीर सोडून देतात, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

तुमची ती भिंत बाहेरची आहे का? बाहेरची असेल तर पेटीची पाठ भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा आणि मागे-पुढे हवेची भोकं पाडा. बंद पेटीत कोंदट वास येतो आणि मग बुरशी.

---

तिरकी_रेघ

रंधाकाका, दंडवत. टोकाकडून कप्पा हे डोक्यातच आलं नव्हतं.

ओट्यासमोरची भिंत आतली आहे, खिडकीची बाहेरची. पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात थोडी ओल दिसते.

---

रंधा

मग आधी ती ओल कुठून येते ते शोधा. बाक नंतर. बाकाने ओल झाकली की ती वाढते तेव्हा कळत नाही. बहुतेकदा खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा किंवा खिडकीखालच्या बाहेरच्या कडेचा उतार असतो.

---

पाऊसपाणी

खिडकीवरून आठवलं. बाक खिडकीच्या कडेपर्यंत जातोय. बैठक १८ इंचांवर आणि खिडकी ३६ वर, म्हणजे बाकावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने खिडकी दीड फुटावरच आली. मुलगी मोठी असेलही, पण पाहुण्यांची लहान मुलं येतात. जाळी किंवा पूर्ण न उघडणारी कडी लावल्याशिवाय बाक वापरात आणू नका.

---

तिरकी_रेघ

जाळी आहे, पक्की. कडी मात्र ढिली आहे, बदलते.

सगळ्यांनी सांगितलेलं वाचून एल सोडला. सरळ साडेचार फुटी बाक. गवाक्ष, आता टेबलाचं सांग. नवरा भिंतीला घडीचं म्हणतोय.

---

गवाक्ष

घडीचं टेबल जिथे जाण्यायेण्याची वाट खरंच अडते तिथे करावं. तुझ्याकडे अडत नाही. शिवाय तुझी भिंत बाकाच्या मागे आहे, घडी लावणार कुठे? खिडकीखाली लावलंस तर बाकावरून ते कडेला येतं. घडीच्या टेबलावर लोक उठताना भार देतात आणि सगळा ताण भिंतीतल्या चार स्क्रूंवर येतो. विटांची भिंत असेल तर ठीक, पातळ बोर्डाची असेल तर आत लाकडी आधार असल्याशिवाय नको.

मी असं करेन: २४ इंची गोल टेबल, मध्ये एकच पाय, तळ जड. चार पायांचं टेबल बाकाशी घेऊच नकोस, आत सरकताना प्रत्येक वेळी पायाला वळसा घालावा लागतो. गोल असल्यामुळे ३३ इंचांची अडचण फक्त एका बिंदूपाशी, बाकी सगळीकडे जागा जास्त.

आता मुख्य गोष्ट. टेबल बाकाच्या मधोमध ठेवायचं नाही. बाक ५४ इंच आहे. मधोमध ठेवलंस तर खिडकीकडे १५ इंच उरतात, त्यातून माणूस आडवा होऊनही नीट निघत नाही. टेबलाचा मध्य खिडकीच्या भिंतीपासून ३१ इंचांवर घे. त्या बाजूला १९ इंच मोकळे राहतात, त्यातून आतला माणूस कुणाला न उठवता बाहेर पडतो. दुसऱ्या बाजूला बाकाचे ११ इंच टेबलापलीकडे उरतात, आणि ती बाजू तर उघडीच आहे. सासूबाई तिथे. तिसऱ्यासाठी फ्रिजच्या बाजूने एक स्टूल, काम नसताना टेबलाखाली.

या टेबलावर दोन कप आणि एक वही मावेल. दोन ताटं आणि पातेली मावणार नाहीत. जेवण बाहेर होतं म्हणून हे चालेल.

उंची: बैठक आणि टेबल यांत ११-१२ इंच. बैठक १८ तर टेबल २९-३०.

---

मधली_वाट

करण्याआधी जमिनीवर मांडून बघा असं कुणीच कसं म्हणालं नाही? वर्तमानपत्रं २४ इंची गोल कापा, चिकटपट्टीने जमिनीवर लावा. बाकाच्या जागी खोकी किंवा खुर्च्या. कागद म्हणजे टेबल, त्यावर पाय द्यायचा नाही. आठवडाभर असं राहा. सिंकखालचा कप्पा उघडा, फ्रिज उघडा, बादली काढा. कागद जिथे फाटेल तिथे टेबल नकोय.

---

तिरकी_रेघ

रद्दीची सोय आहेच :)

करते आणि कळवते.

---

पाऊसपाणी

तोवर दिव्याचं बोलू या का? कोपरा उबदार वाटायला उशांपेक्षा दिवा जास्त उपयोगी. छतावरच्या पांढऱ्या दिव्यात कुठलाही कोपरा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखा दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा घ्या, वेगळ्या बटणावर. ओट्यावरचा दिवा वेगळा राहू दे, तिथे लख्खच हवा.

---

गवाक्ष

टेबलावर लोंबता दिवा लावायची हौस सगळ्यांना असते. टेबलापासून ३० इंच वर छान दिसतो. पण टेबल सरकवून फरशी पुसताना तोच डोक्याला लागतो. लहान जागेत भिंतीवरचा, मान वळणारा दिवा बरा. मुलगी लिहिणार असेल तर तो तिच्या लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. आणि बाकाच्या उघड्या टोकाशी, बैठकीच्या वर, एक प्लग काढून घे. सगळे फोन तिथेच येणार आहेत, नाहीतर वायर ओट्यावरून जाईल, सिंकच्या शेजारून. ते नको.

---

तिरकी_रेघ

मंडळी, मांडून राहिलो. अहवाल:

टेबलाचा कागद ओट्याच्या बाजूला फाटला. सिंकखालचा कप्पा पूर्ण ओढून वाकलं की टाच नेमकी तिथे जाते. बाकी सगळीकडे कागद शाबूत. खिडकीकडच्या १९ इंचांतून मी आणि मुलगी आरामात निघतो, नवरा पोट आत घेऊन निघतो. तो म्हणतो प्रेरणा चांगली आहे.

सासूबाईंना बाकाच्या उंचीचं खोकं आणि हातांची खुर्ची, दोन्हींवर बसवून पाहिलं. त्यांनी खुर्ची निवडली आणि वर सांगितलं, ती फ्रिजच्या बाजूला नको, तिथून ओट्यावर कोण काय करतंय ते दिसत नाही. तेव्हा खुर्ची आता बाकाच्या उघड्या टोकाशी तिरकी बसतेय आणि स्टूल रद्द.

प्रश्न एकच, कप्प्याच्या जागेचं काय करू? टेबल अजून आत घेता येईल का?

---

गवाक्ष

टेबल आत घेऊ नकोस, बाकावर ३ इंचांपेक्षा जास्त आलं की आत सरकणं अवघड होतं. बाकाची खोली १८ वरून १७ कर, पाठीची फळी पातळ घे, आणि टेबल २४ ऐवजी २२ इंची. मग ते भिंतीपासून ३६ इंचांवर संपतं आणि ओट्याकडे पूर्ण ३ फूट मिळतात. आणि फायदा असा की खिडकीकडे २० इंच होतात.

पण आता टोकाशी खुर्ची आलीय, तर रंधाकाकांचा टोकाकडून ओढायचा कप्पा अडतोय का ते बघ.

---

रंधा

अडणार. कप्पा २ फुटांचा आहे, बाहेर यायला तेवढीच मोकळी जागा लागते. खुर्ची हलकी असेल आणि सासूबाई त्यावर नसतील तेव्हाच उघडायचा असेल तर चालेल. नाहीतर ती बाजू नुसती उघडी ठेवा, खण म्हणून. दार नाही, पट्ट्या नाहीत. भाजीची टोपली, मुलीच्या वह्या, वर्तमानपत्र, हात घातला की मिळतं. कामही कमी.

---

तिरकी_रेघ

उघडा खण. ठरलं. सासूबाईंची भाजीची टोपली त्यांच्या उजव्या हाताला येते, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'इतक्या दिवसांत एक तरी शहाणपणाची गोष्ट झाली.'

खिडकीची ओल आधी बघून घेते. चौकटीचा सांधा बाहेरून सुटलाय असं दिसतंय. मग सुतार. टेबल आत्ताच सांगून ठेवू का, म्हणजे एकदम होईल?

---

रंधा

टेबलाची गोल फळी सांगून ठेवा, पायाची उंची कापू देऊ नका. बाक तयार झाला, गादी आली, की घरातल्या सगळ्यांनी एकेकदा बसायचं. तुमच्या ३ इंची गादीचे बसल्यावर अडीच राहतील किंवा दोन, ते फोमवर आहे. दबलेल्या गादीपासून ११-१२ इंच मोजायचे आणि मग पाय कापायचा. कमी कापा, उरलं तर पुन्हा कापता येतं.

आणि बाकाच्या उघड्या टोकाचा पुढचा कोपरा गोल करून घ्या, निदान २ इंचांचा. भांडं घेऊन वळताना तो मांडीला लागतो.

---

तिरकी_रेघ

लिहून घेतलं. काम सुरू झालं की फोटो टाकते. उशा दोनच.

---

मधली_वाट

फोटोत माणूस बसवून काढा.